न मागितलेले कप

त्या ड्रेसला छातीत फोमचे कप बसवा, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. ते मीच बसवले.

बाई व्हायोलिन वाजवतात. कार्यक्रमासाठी त्यांनी तयार काळा ड्रेस घेतला होता, बाह्यांचा, प्रिन्सेस कटचा, म्हणजे छातीवरून खाली उतरणाऱ्या दोन उभ्या शिवणींचा. म्हणाल्या, "पुढून फुगतोय. बसवून द्या." माप घेतलं. काखेतून वरची छाती ३२, पूर्ण छाती ३३. एका इंचाचा फरक. छापील पॅटर्न सर्रास दोन इंचांचा फरक धरून, म्हणजे बी कपसाठी बेतलेले असतात, आणि हा ड्रेसही त्याच जातीचा होता. खांदे, पाठ अगदी बरोबर. पुढे शिवणींच्या गोलाईत मात्र ओंजळभर पोकळी.

अशा वेळी बाजू दाबून उपयोग नसतो. बाजू दाबली की पाठ आवळते, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, खेचला जातो आणि पोकळी होती तिथेच राहते, कारण जास्तीचं कापड मधे असतं, रुंदीतही आणि उंचीतही. हे मला पाठ आहे. पण घाईचे दिवस होते. हाताखालची मुलगी म्हणाली, "ताई, कप टाकू या ना, भरून येईल." मी मान डोलावली. बेतण्यातली चूक गिऱ्हाइकाच्या अंगावर भरून काढायची, ही आमच्या धंद्याची जुनी खोड.

ट्रायलला बाई व्हायोलिन घेऊनच आल्या. (सगळ्यांनी असं करावं. आरशासमोर ताठ उभं राहिलं की वाईट ड्रेससुद्धा बसतो.) हनुवटी टेकवून त्यांनी हात उचलला. ड्रेसचा पुढचा भाग वर चढला आणि दोन्ही कप पार गळ्याखाली जाऊन बसले. हात खाली आला, ड्रेस खाली आला. त्यांनी एका कपावर बोट दाबलं. खळगा पडला, तो भरून आलाच नाही.

"हे काय आहे?"

"जरा भरीव दिसावं म्हणून..."

"भरीव कुठे मागितलं होतं मी? बसवून मागितलं होतं."

आवाज चढला नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

कप त्यांच्यासमोरच उसवले. ड्रेस अंगावर ठेवून, जिथे गोलाई सर्वांत जास्त होती तिथे दोन्ही शिवणींत अर्धा-अर्धा इंच टाचण्यांनी धरला आणि वर-खाली शून्यावर नेला. मग खांद्याची शिवण सोडवून पुढचा भाग पाव इंच वर घेतला. गळ्याजवळची ढिलाई गेली, मुंढा लहान होऊन अंगाजवळ आला. हात मोकळा हवा तर मुंढा मोठा हवा, असं लोकांना वाटतं. खरं उलटं आहे. खोल मुंढा बाहीबरोबर अख्खा ड्रेस वर ओढतो. बाहीचा माथा मात्र दोनदा उसवावा लागला, मुंढ्यापेक्षा जास्त कापड उरत होतं.

टाचण्या लावताना त्यांनी विचारलं, "गळा अजून खोल चालेल?" "झालर लावू या" हे माझ्या ओठांवर आलं होतं. छाती लहान की झालर, चुण्या, आडवे पट्टे, हे आम्ही तंद्रीत सांगतो. वाईट नाहीत ते. ज्यांना भरीव दिसायचंय त्यांना शोभतात. पण व्ही गळा खडूने दोन इंच खाली आखला आणि कापड दुमडून पाहिलं, तर कुठेही न ताणता, न उघडता सपाट बसला. मोठ्या छातीला असा गळा बसवताना माझा घाम निघतो.

दुसऱ्या ट्रायलला त्यांनी पाच मिनिटं वाजवलं. ड्रेस जागचा हलला नाही. थँक्यू म्हणाल्या आणि गेल्या.

मला आठवत राहतात त्या आधीच्या बायका. विचारल्याशिवाय कप शिवून दिले, आणि काही न बोलता घेऊन गेल्या, अशा किती असतील. आता मापाच्या वहीत एक रकाना आखलाय : "कप – हवेत / नकोत", गिऱ्हाइकानेच भरायचा. परवा एकीने त्यात लिहिलं, "तुम्ही म्हणाल तसं."