व्हिएतनामला जाताय? आधी पौर्णिमा बघा

व्हिएतनामहून आल्यापासून ओळखीतलं प्रत्येक जण मला एकच विचारतं, "तुम्ही शाकाहारी, मग तिकडे जेवलात काय?" विचारणाऱ्यानं मनात उत्तरही ठरवलेलं असतं: ठेपले, खाकरे आणि टूरवाल्यानं शोधून ठेवलेलं एखादं पंजाबी हॉटेल. तसं मुळीच झालं नाही. मी तिथलंच जेवले, पोटभर जेवले, आणि ते जमलं तिथल्या देवळांमुळे.

व्हिएतनाममधला बौद्ध धर्म मुख्यतः महायान पंथाचा. मठातले भिक्षू-भिक्षुणी मांस-मासे खात नाहीत, कडक पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य करतात. संसारी माणसं रोज एवढं पाळत नाहीत, पण चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला कित्येक घरांत शाकाहार असतो. या जेवणाला तिथे 'चाय' म्हणतात. लिपी रोमन असल्यामुळे पाटी आपल्याला वाचता येते. पाटीवर 'कोम चाय' असेल तर आत भात आणि शाकाहारी कालवणं मांडलेली असणार. हवं त्याकडे बोट दाखवायचं, ताट भरून मिळतं.

नुसतं 'मांस नको' म्हणून मात्र भागत नाही, हे जाणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवा. 'नुओक माम' हा मासे मिठात मुरवून काढलेला रस तिथल्या स्वयंपाकात सगळीकडे असतो, आणि 'फो' या शेवयांच्या पदार्थाचं पाणी हाडं उकळून करतात. म्हणून 'तोइ आन चाय', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं वाक्य पाठ करा. ते ऐकल्यावर अनेक ठिकाणी समोरच्या बाई आपणहून सोया सॉसची बाटली पुढे करत.

यासाठी सगळ्यात उत्तम गाव म्हणजे मध्य व्हिएतनाममधलं ह्वे. ही न्गुयेन राजांची जुनी राजधानी, आणि बौद्ध मठांचंही मोठं केंद्र. हुओंग नदीकाठी थिएन मू देऊळ आहे, १६०१ सालचं. समोरचा सात मजली मनोरा १८४४चा. बहुतेक सहली मनोऱ्यापुढे फोटो काढून परत फिरतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. मागच्या अंगणात एक जुनी निळसर ऑस्टिन मोटार ठेवली आहे. बौद्धांवरच्या अन्यायाविरुद्ध थिक क्वांग डुक या भिक्षूंनी ११ जून १९६३ रोजी सायगॉनच्या चौकात स्वतःला जाळून घेतलं, तेव्हा ते याच गाडीतून तिथे आले होते. तिथे थांबा. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या, गाभाऱ्यात शिरताना चपला बाहेर काढा. तिथे लोक रोज पूजेला येतात, आपण त्यांच्या देवळात पाहुणे असतो.

पौर्णिमेच्या दिवशी ह्वेमध्ये असाल तर भाग्यवान. एरवी मांसाहारी पदार्थ विकणाऱ्या टपऱ्यांवरही त्या दिवशी चाय शिजतं. 'बुन बो ह्वे' ही गावाची शान, तांदळाच्या जाड शेवया तिखट रश्शात. मूळ पदार्थ गोमांसाचा. चाय प्रकारात मशरूम, टोफू, अननस, आणि वास तोच, ठेचलेल्या गवती चहाचा. पण माझा जीव जडला तो 'मिट त्रोन'वर. कोवळा फणस उकडून, हातानं मोडून, शेंगदाणे आणि पुदिन्यासारखा पाला घालून कालवायचा आणि तिळाच्या भाजलेल्या तांदूळ-पापडानं उचलून खायचा. कुयरीची भाजी खाऊन वाढलेल्या कोकणातल्या माणसाला याची ओळख करून द्यावी लागत नाही. चव मात्र अगदी वेगळी, लिंबाकडे झुकणारी.

बाकी ठिकाणांबद्दल थोडक्यात. हानोईच्या त्रान क्वोक मंदिरातला बोधिवृक्ष राजेंद्रप्रसादांनी १९५९मध्ये भेट दिलेला, तो आवर्जून बघा. होई आन या गावाजवळच्या 'मी सोन' इथली, पूर्वीच्या चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरं बघाच. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांना जतनाचं काम करताना २०२०मध्ये तिथे अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. जेवणासाठी मात्र तिथून होई आनला परत या.

तेव्हा तिकीट काढण्याआधी कालनिर्णय उघडा. सातव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा साधता आली तर फारच छान. ती बहुधा आपल्या नारळी पौर्णिमेच्या आसपास येते, काही वर्षी महिनाभर पुढे. त्या दिवशी 'वू लान' हा सण असतो, आईवडिलांचं आणि पूर्वजांचं स्मरण करण्याचा. देवळात आई हयात असलेल्यांच्या छातीवर लाल गुलाब लावतात, नसलेल्यांच्या पांढरा. चायच्या खाणावळी त्या दिवशी ओसंडून वाहतात, म्हणून जेवायला अकराच्या आत पोहोचा.