भर दुपारची प्रार्थना

प्रार्थनेचा विषय निघाला की सगळे पहाटेचं बोलतात. पहाट त्या मानाने सोपी. चारला उठलेल्या माणसाचं अर्धं काम उठण्यातच उरकलेलं असतं. गाव निजलेलं, हवा बरी, फोन गप्प. कस लागतो तो दुपारी. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या घरात गेला की अकरालाच रस्ते ओस पडतात. गच्चीवर बिबड्या वाळत असतात, घरात कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतून माणसं आडवी होतात. अशा वेळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसलं तर अक्षरं दिसतात, पण आत काही उतरत नाही. ओळ एक, वाचणं तीनदा.

सगळा दोष उन्हाचा नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी राहत होता. ३९९ साली तो वारला. प्रार्थनेला बसलेल्या माणसाच्या मनात कोणकोणते विचार शिरतात, याची त्याने बारकाईने नोंद करून ठेवली. त्यात सगळ्यांत जड म्हणून त्याने दुपारच्या कंटाळ्यावर बोट ठेवलं. सूर्योदयापासून चौथ्या तासाला हा येतो आणि आठव्यापर्यंत ठाण मांडतो, म्हणजे आपल्या घड्याळात साधारण १० ते २. सूर्य हलतच नाहीसा वाटतो, दिवस ५० तासांचा होतो. मग माणूस खिडकीतून डोकावतो, बाहेर येऊन ऊन किती कललं ते बघतो, कारण जेवण नवव्या तासाला, म्हणजे तीनच्या सुमाराला. कुणी भेटायला येतंय का, म्हणून वाटेकडे डोळे लावतो.

इथवर हे निरुपद्रवी आहे. पुढचं जास्त ओळखीचं. बंधुवर्गात प्रेमच उरलं नाही, आपली विचारपूस कुणी करत नाही, असं वाटू लागतं. अलीकडे कुणी दुखावलं असेल तर नेमकं तेच आठवतं. ही जागाच वाईट, दुसरीकडे गेलो तर जमेल, असं मन सांगतं. आणि वर शास्त्राचाच आधार देतं की देवाला प्रसन्न करायला ठरावीक जागा थोडीच लागते! नवापूर असो की शिरपूर, कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत हे संवाद आजही ऐकू येतील. आजारपणात पाळक घरी आले नाहीत. सुरतेच्या चर्चमध्ये काय गाणं असतं! इथे नुसती तीच ती माणसं. यातलं थोडं खरंही असेल, पण ते सुचलं कधी, हे बघावं. प्रार्थनेला बसल्यावर पाचव्या मिनिटाला सुचलं असेल तर त्यावर निर्णय घेऊ नये. संध्याकाळी, जेवण झाल्यावर पुन्हा विचार करावा. बहुतेक वेळा तोवर त्यातली धार गेलेली असते.

यावर इव्हाग्रियसचा उपाय साधा होता: जागा सोडू नको. आपल्याकडे पहिली अडचण जागेचीच. ‘खोलीत जा, दार लाव’ हे मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे खरं, पण दोन खोल्यांत सात माणसं असली की दार लावायचं कुणावर? तिथे भिंतीकडे तोंड करून बसावं. डोक्यावर पदर किंवा रुमाल पुढे ओढून घेतला की बाजूचं दिसणं बंद होतं, आणि घरच्यांनाही कळतं की आत्ता हाक मारायची नाही. खाटेवर बसू नये. खाटेवर बसलेला माणूस दुपारी १० मिनिटांत लवंडतो, आणि मग उठल्यावर अपराधी वाटण्यात संध्याकाळ जाते. खाली चटईवर, पाठीला टेका न देता बसावं. तरी झोप आली तर उभं राहावं. उभं राहून प्रार्थना करणं शास्त्रात पावलोपावली आहे. डोळे मिटलेच पाहिजेत असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

वेळ कमी ठेवावा. नवा उत्साह तासाभराचा संकल्प करतो आणि चौथ्या दिवशी सगळंच सुटतं. दुपारसाठी १० मिनिटं पुष्कळ. ऑगस्टीन या जुन्या धर्माचार्याने प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात इजिप्तमधल्या बांधवांची रीत सांगितली आहे: प्रार्थना वारंवार, पण अगदी थोडक्यात, कारण लांबत गेली की अवधान बोथट होतं. इजिप्तच्या संन्याशांकडून शिकून आलेल्या कॅसियनने त्यासाठी एकच वचन हाती दिलं, बायबलमधल्या ७०व्या स्तोत्राची पहिली ओळ: देवा, मला सोडवायला ये, प्रभू, माझ्या मदतीला लवकर धाव. कपाशी निंदताना, रेशनच्या रांगेत, नवापूरच्या गाडीची वाट बघताना हे म्हणता येतं. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली, असं मत्तय लिहितो. तेव्हा रोज नवं काही सुचलं पाहिजे, ही चिंता सोडून द्यावी.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना आपण सवयीने अर्ध्या मिनिटात संपवतो. ती एका श्वासाला एक वाक्यांश अशी म्हणून बघा, दोन-अडीच मिनिटं लागतात. मोजण्याच्या एका रीतीने तिच्यात सात मागण्या आहेत. वाराला एक धरावी आणि त्या दिवशी तिच्यावर थोडं थांबावं. आणि म्हणावी ती ओठ हलवून, स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात. नुसत्या मनातल्या प्रार्थनेला मध्येच फाटे फुटतात आणि कधी फुटले ते कळतही नाही. तोंडाने बोलताना वाक्य तुटलं की कानाला लगेच कळतं.

भाषेचंही असंच. सभेत प्रार्थना करायला उभं राहिलं की अहिराणी बोलणारा माणूसही ‘हे दयाघन, सर्वसमर्थ पित्या’ असा एकदम छापील होतो. सभेत ते शोभतं. एकट्याने मात्र घरच्या बोलीत बोलावं, अहिराणीत, मावचीत, पावरीत. छापील मराठीत राग मांडता येत नाही, आणि स्तोत्रकर्त्यांनी देवापुढे राग भरपूर मांडला आहे.

आता भटकणाऱ्या मनाचं. सगळे विचार सारखे नसतात. त्यांना एकाच काठीने हाकू नये. सिलिंडर संपत आलाय, पंपाची वीज आज रात्रीच्या पाळीला आहे, अशी कामं जवळ ठेवलेल्या कागदावर दोन शब्दांत लिहावीत आणि पुढे जावं. लिहिलं की मन ती सोडतं. कागद म्हणजे कागदच, फोन नाही. फोनवर शास्त्र वाचणाऱ्यांची निम्मी लढाई तिथेच हरलेली असते, कारण योहानाच्या तिसऱ्या अध्यायावर कपाशीच्या भावाचा मेसेज येऊन पडतो. पुन्हा पुन्हा येणारी काळजी, म्हणजे सोसायटीचं कर्ज, मुलीचं लग्न, बापाचं पोट, ही अडथळा नव्हे. आजचा प्रार्थनेचा विषय तोच. तिला हाकलत बसण्यापेक्षा नाव घेऊन देवासमोर ठेवावी. तिसरा प्रकार मनातल्या तेढीचा. भावाने बांध कोरला, ते आठवलं की पुढची वाक्यं पोकळ होतात. इथे एकाग्रतेच्या युक्त्या उपयोगाच्या नाहीत. मार्काच्या अकराव्या अध्यायात प्रार्थनेला उभं राहताना क्षमा करायला सांगितलं आहे, आणि ते जमेपर्यंत मन त्या बांधावरच जाऊन बसणार.

उरले ते अंगावर येणारे विचार: देव नाहीच, आपण ढोंगी आहोत, ऐकणारं कुणी नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये याला लगेच सैतानाचा हल्ला म्हणतात आणि मोठमोठ्याने दटावणी सुरू होते. हल्ला असेलही. पण रानात येशूने काय केलं ते बघण्यासारखं आहे: तीन परीक्षा, तीन छोटी उत्तरं, तिन्ही जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली. वाद लांबवला नाही. इव्हाग्रियसही विचारागणिक एकेक वचन तयार ठेवायला सांगे. आपल्याला नेहमी छळणारे दोन-तीन विचार आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्यासाठी दोन-तीन वचनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली की पुरे. मात्र आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं, अशी अवस्था असेल तर प्रार्थनेबरोबर दवाखानाही गाठावा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

एक छोटी तक्रार. व्हॉट्सॲपच्या प्रार्थना-गटात कुणाच्या ऑपरेशनची विनंती आली की मिनिटभरात ३० ‘आमेन’ पडतात. टाइप करण्याआधी त्या माणसाचं नाव घेऊन एक वाक्य तरी म्हणावं. नाहीतर पुढे सरकावं, आमेन टाकू नये.

कोरड्या दिवसांसाठी मला तारखेची रीत सगळ्यांत भरवशाची वाटते. स्तोत्रं १५०, म्हणजे रोज पाच. तारखेचं स्तोत्र घ्यायचं आणि ३०-३० मिळवत जायचं: १३ तारखेला १३, ४३, ७३, १०३, १३३. पाच वाचायला साधारण २० मिनिटं लागतात. दुपारी एवढं झेपत नसेल तर तीन पहाटे, दोन दुपारी. यात निवड आपल्या हाती राहत नाही, हाच तिचा गुण. मन खट्टू असताना माणूस एकतर काहीच उघडत नाही, नाहीतर दुःखाचंच तेवढं शोधून काढतो. २८ तारखेला ८८वं येतं, जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोखातच राहतं. त्याला गोड शेवट नाही. पण त्याच दिवशी ११८वं उपकारस्तुतीचं आणि १४८वं सूर्य-चंद्राला स्तुती करायला लावणारंही वाचावं लागतं. बरं वाटत असेल तरी ८८वं टळत नाही आणि वाईट वाटत असेल तरी १४८वं टळत नाही.

रीत अडते ती २९ तारखेला, कारण त्या दिवशी ११९वं येतं, १७६ ओव्यांचं. त्या एकट्यालाच वीसेक मिनिटं लागतात. ते ३१ तारखेसाठी बाजूला ठेवावं. त्या दिवशी दुसरं काही नसतं. त्याचे आठ-आठ ओव्यांचे २२ भाग आहेत, घरात कुटुंबप्रार्थना असेल तर वाटून घ्यावेत, लहान मुलंही एक भाग सहज वाचतात. ज्या महिन्यात ३१ नाही त्या महिन्यात २२ दिवस रोज एक भाग तारखेच्या स्तोत्रांच्या जोडीला लावता येतो. फेब्रुवारीत शेवटची दोन दिवसांची स्तोत्रं राहून जातात, आणि आजारपणात, लग्नसराईत आठ-आठ दिवसांची राहतात. ती नंतर एकदम वाचून काढू नयेत. थकबाकी भरायला बसलं की तासाभरात पुन्हा सगळं सुटतं. आज जी तारीख असेल तिथून सुरुवात करावी.