वाहत्या नदीत थांबायला शिकताना

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी, लाटांमधून सुसाट जाते, पाणी अंगावर उसळतं, असे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. त्यात एक गोष्ट फारशी दिसत नाही, ती म्हणजे थांबणं. जोडून आलेल्या सुट्टीत क्लबच्या नवशिक्यांच्या शिबिराला गेले, तेव्हा आमचा बहुतेक वेळ थांबायला शिकण्यातच गेला. मला शांत पाण्यावर वल्हवायचा सराव होता, पण खडकांतून धावणाऱ्या नदीत मी पहिल्यांदाच उतरत होते.

क्लबने आधीच बजावलं होतं की सुती कपडे आणू नका. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब भराभर निघून जाते. त्यामुळे वेटसूट, वर वारा अडवणारं जॅकेट, टाच घट्ट धरणारे बूट, हेल्मेट आणि लाइफजॅकेट असा सगळा जामानिमा होता. काठावर प्रत्येकाचं लाइफजॅकेट खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर खेचून पाहिलं. ते हनुवटीपर्यंत सरकलं की पट्टे पुन्हा आवळायचे.

पहिला धडा डोहातल्या शांत पाण्यात, आणि तोही उलटण्याचा. कमरेला निओप्रीनचा, म्हणजे रबरासारख्या कापडाचा, स्प्रे डेक असतो. तो बोटीच्या तोंडावर ताणून बसवतात, म्हणजे आत पाणी येत नाही. त्याच्या पुढच्या बाजूला एक फास असतो. तो बाहेरच राहिला पाहिजे, हे दर वेळी हाताने चाचपून बघायचं. मग मुद्दाम उलटायचं. डोकं खाली, नाकात पाणी, कानात गुडगुड. अशा वेळी पुढे वाकायचं, म्हणजे खऱ्या नदीत खडकांपासून चेहरा वाचतो. दोन्ही हातांनी बोटीच्या बुडावर थापट्या मारायच्या, फास पुढे ओढून सोडवायचा, कमरेजवळ हात टेकून पाय मोकळे करायचे आणि बाहेर यायचं. थापट्या मारण्याने मला फार मदत झाली. त्या मारेपर्यंत घाबरलेलं मन जागेवर येतं आणि पुढचं सगळं आपोआप सुचतं.

मग काठावर बसून पाणी वाचण्याचा पाठ झाला. दोन खडकांच्या मधून गुळगुळीत पाण्याची जीभ खाली निमुळती होत जाते, ती बहुधा मोकळी वाट. उलट, टोक आपल्याकडे म्हणजे प्रवाहाच्या वरच्या दिशेला असलेला बाणासारखा आकार दिसला, तर टोकाशी पाण्याखाली खडक आहे असं समजायचं. अशा टप्प्यांची अवघडपणाची प्रतवारी 1 ते 6 अशी असते. आमचा बराचसा टप्पा 1 चा होता, शेवटी एक जागा 2 ची. पण पाण्याची पातळी बदलली की तीच जागा वेगळी वागते, हे प्रशिक्षक ताईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

आणि मग एडी. खडकाला वळसा घालून गेलेलं पाणी त्याच्या मागच्या पोकळीत उलटं फिरून येतं. तो शांत खिसा म्हणजे एडी. एका बाजूला नदी धावत असते, हातभर अंतरावर पाणी उलट्या दिशेने हळूहळू सरकत असतं, आणि मधोमध खळबळणारी एक रेघ. ती रेघ ओलांडणं हेच खरं काम. वेग हवा, कोन नेमका हवा, आणि वळताना आतल्या बाजूला कलायला हवं, जशी वळणावर सायकल कलते. बाहेर पडताना बोटीचं नाक प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवून रेघ ओलांडायची, आणि पाणी येतंय त्या बाजूची कड उचलून धरायची. ती कड खाली राहिली तर नदी तिच्यावर चढते आणि बोट पालथी होते. हे जमलं की नाक वर ठेवून, थोडा कोन देऊन, खाली न वाहता पलीकडच्या काठाला जाता येतं. पहिल्यांदा पलीकडे पोचले, तेव्हा एवढ्या पाण्याच्या जोरानेच मला तिथे आणून सोडलं याचा आनंद अजून अंगात आहे.

थांबण्याला एवढं महत्त्व का, ते पूर्ण गट निघाल्यावर कळलं. सगळ्यात पुढे अनुभवी माणूस, सगळ्यात मागेही तसाच. एका एडीतून पुढची एडी दिसली तरच निघायचं. ती दिसत नसेल तर बोट काठाला लावून चालत जाऊन बघायचं. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या. वल्हं उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा, डोक्यावर थापटलं म्हणजे मी ठीक आहे.

लाइफजॅकेटच्या भरवशावर प्रवाहात वाहत जाण्याचा सरावही प्रत्येकाने केला. पाठीवर पडायचं, पाय पुढे आणि पायाची बोटं पाण्याच्या वर. उभं राहायचा मोह टाळायचा. पाय खडकांच्या फटीत अडकला तर मागचं पाणी माणसाला पुढे पाडतं, आणि मांडीभर पाण्यातही डोकं वर काढता येत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. वाटेत पडलेलं झाड असेल तर त्यापासून शक्य तितकं लांब पोहायचं, कारण फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. मग दोरीची थैली. फेकणारा आधी ओरडून लक्ष वेधतो. आपण थैली न पकडता दोरी पकडायची, खांद्यावरून छातीशी धरायची, हाताला कधीच गुंडाळायची नाही. मी काठावरून फेकलेली दोरी एका सोबतिणीच्या हातात बसली आणि ती झोका घेत काठाला लागली, तेव्हा मला स्वतः बोट चालवण्याइतकंच समाधान वाटलं.

मुक्कामाची जागा निवडताना झुडपांत अडकलेला वाळका पालापाचोळा बघितला. मागचा पूर तिथवर आला होता, म्हणून तंबू त्याहून वर. बोटी वर ओढून बांधल्या, शौचाची जागा नदीपासून साठ मीटर तरी लांब. झोपण्याआधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. सकाळी ती बरीच बुडालेली होती. आमच्याकडे थेंबही पडला नव्हता, वर कुठेतरी पडला असणार.

ताई आणि आणखी दोघे जण शेवटचा टप्पा चालत जाऊन पाहून आले आणि म्हणाले, आज नवीन लोकांनी तिथे उतरायचं नाही. कालच्या एड्या वाहून गेल्यासारख्या झाल्या होत्या, थांबायला जागाच उरली नव्हती. कुणी वाद घातला नाही. वरच्या भागात दिवसभर एडीत शिरण्याचा सराव केला, आणि शेवटच्या टप्प्याशी आल्यावर बोटी खांद्यावर घेऊन काठाने चालत गेलो. क्लबसोबत जाण्याचं माझ्या लेखी हेच सगळ्यात मोठं कारण आहे. एकटी असते, तर बोट घेऊन इतकं लांब आल्यावर परत फिरणं फार जड गेलं असतं.

निघायच्या दिवशी काठी पुन्हा कोरडी दिसली आणि आम्ही तो टप्पा उतरलो. जीभ, दोन लाटा, डावीकडे मोठा खडक, त्याच्यामागे एडी. मी त्या एडीत शिरून थांबले, मागच्यांसाठी वल्हं उभं धरलं. पुढच्या शिबिराआधी आता तरण तलावात रोल शिकायचा आहे, म्हणजे उलटल्यावर बाहेर न पडता बोटीसकट सरळ होता येईल.