दोन कोटी चौदा लाखांची रेघ

मोठे ग्राहक सुरळीत, आणि अडकत होते ते फक्त छोटे व्यापारी. आमची कर्जप्रणाली आधी बड्या कंपन्यांसाठी होती, त्यामुळे पतमर्यादा सगळ्या पाच-दहा कोटींच्या. छोटे व्यापारी जोडले त्याच दिवशी लॉगमध्ये जावाच्या क्लासकास्टएक्सेप्शनची, म्हणजे टाइप न जुळल्याच्या एररची, रांग लागली: इंटिजरचं (छोट्या पूर्णांकाचं) लाँग (मोठा पूर्णांक) करता येत नाही.

एरर येत होती ती ओळ मात्र निर्दोष. मॅप, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांचा साठा, स्ट्रिंग (मजकूर) आणि लाँगचा, त्यातून लाँग काढलाय, बस. लॉगमधला आकडाही बरोबर होता: 500000000, म्हणजे पन्नास लाख रुपये, पैशांत.

शेवटी सगळ्या मर्यादा उतरत्या क्रमानं लावल्या. 2 कोटी 14 लाख 74 हजारांच्या आसपास एक स्वच्छ रेघ दिसली. वरचे सगळे पास, खालचे सगळे नापास. पैशांत मोजलं तर 2,14,74,83,647. जावाच्या इंटची, म्हणजे इंटिजरमध्ये मावणाऱ्या आकड्याची, कमाल मर्यादा!

जेसन (मजकूररूपातली माहिती) वाचताना जॅक्सन या जावा लायब्ररीला नुसतं ‘मॅप’ एवढंच सांगितलं होतं. मग तो इंटमध्ये मावेल त्याचा इंटिजर करतो, न मावेल त्याचा लाँग. मॅपनं दोन्ही मुकाट ठेवून घेतले, कारण जुना कोड चालत राहावा म्हणून 2004 मध्ये जावा 5 नं जेनेरिक टाइप (‘कशाचा मॅप’ हे सांगणारे) आणले ते कंपायलरपुरतेच, म्हणजे चालवण्याआधी कोड तपासून भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमपुरतेच. प्रोग्रॅम चालताना ते पुसलेले असतात. किंमत बाहेर काढताना कंपायलरनं स्वतःहून घातलेला कास्ट (‘हा लाँगच आहे’ असं धरणारी पायरी) असतो, तिथे सगळं फुटतं. घोळ एका फाइलीत, एरर भलत्याच फाइलीत.

“अगं, वाचल्यावर लगेच इन्स्टन्सऑफनं टाइप तपासूया ना,” शेजारची म्हणाली. सूचना रास्त होती, पण जावात ‘हा मॅप आहे का’ इतकंच विचारता येतं. ‘लाँगचा मॅप आहे का’ असं विचारलं की कंपायलरच नकार देतो. सी-शार्पमध्ये ही माहिती चालतानाही शाबूत असते, याचा त्या दुपारी मला खरंच हेवा वाटला.

उपाय एका ओळीचा निघाला: जॅक्सनला पूर्ण टाइप सांगणारा टाइपरेफरन्स, शेवटी रिकामा महिरपी कंस. त्या कंसानं निनावी उपवर्ग तयार होतो, आणि वर्गाच्या घोषणेतले टाइप क्लास फाइलीत टिकतात; जॅक्सन ते तिथून वाचतो. संध्याकाळपर्यंत अडकलेले अर्ज पुढे सरकले.

जुन्या ओळीच्या डोक्यावर सप्रेसवॉर्निंग्ज, म्हणजे कंपायलरचे इशारे दाबणारी खूण, होतं. कंपायलरनं नेमका हाच धोका सांगितला होता आणि कुणीतरी त्याचं तोंड बंद केलं होतं, याची मला मनापासून चीड आली. आता अनचेक्ड (टाइपची खात्री नसल्याचा) इशारा आला की बिल्डच, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करणंच, थांबतो, आणि तोंडबंद केलेल्या बाकीच्या जागा आम्ही एकेक करून उघडतोय, वसुलीच्या मॉड्यूलपासून.