तीन वेळा ‘बिघाड आढळला नाही’: मोठ्या एसयूव्हीच्या साउंड सिस्टिमची वॉरंटी दुरुस्ती, माझा अनुभव

‘बिघाड आढळला नाही, यंत्रणा व्यवस्थित’ हे एकच वाक्य छापलेले तीन वेगवेगळ्या तारखांचे तीन कागद माझ्याकडे आहेत, आणि काम होऊन दोन महिने उलटले तरी न्यू जर्सीतल्या त्या सर्व्हिस काउंटरवरचा माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

गाडी निवडणे सोपे होते. मला शास्त्रीय संगीताची आवड असल्यामुळे कॅडिलॅक एस्कलेडमधली ३६ स्पीकरची एकेजी, लिंकन नॅव्हिगेटरमधली २८ स्पीकरची रेव्हेल आणि जीप ग्रँड वॅगनीअरमधली २३ स्पीकरची मॅकिंटॉश या तिन्ही यंत्रणा मी गाडीत बसून निवांत ऐकल्या. शेवटी कोणती गाडी घेतली ते लिहीत नाही, कारण माझी तक्रार गाडीविषयी नसून दुरुस्तीच्या पद्धतीविषयी आहे. स्पीकरच्या आकड्यावर मात्र कोणी भुलू नये. आपल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे आणि मागच्या आसनावर बसूनही ऐकावे. मी मागे बसलो नव्हतो.

डिसेंबरात त्रास सुरू झाला. काळी एकच्या तंबोऱ्यातली खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार, साधारण ६९ हर्ट्झची, वाजली की तिसऱ्या रांगेच्या डाव्या बाजूच्या पॅनेलमधून कागद फडफडावा तसा आवाज येई; पंचम आणि जोडीच्या तारा मात्र स्वच्छ वाजत. डग्ग्यावर घुमारा काढला की तीच फडफड पुन्हा सुरू होई.

पहिल्या खेपेला काउंटरवरच्या गृहस्थांनी फोन बदलून पाहायला सांगितले. ब्लूटूथवरून येताना संगीत दाबले जाते हे खरे, पण त्यामुळे एकाच कोपऱ्यातले प्लास्टिक कसे थरथरेल, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या खेपेला गाडी चार दिवस ठेवून घेतली, रेडिओवर गाणी लावून पाहिली आणि तोच कागद हाती दिला. तिसऱ्या खेपेला तर ‘या प्रकारच्या संगीतात असे होतेच’ असे ऐकवले गेले, आणि ते मला फार लागले. ज्या यंत्रणेसाठी मी हजारो डॉलर जास्त मोजले होते, तिच्यावर तंबोरा नीट वाजावा ही अपेक्षा अवाजवी नव्हती.

त्या रात्री तिन्ही कागद समोर ठेवून बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक वेळी मी गाडी अकराच्या सुमारास नेली होती, म्हणजे हीटरने ती पूर्ण तापल्यावर, आणि त्यांची कार्यशाळाही उबदार होती. घरी मात्र फडफड फक्त सकाळी, गाडी रात्रभर उघड्यावर राहिल्यानंतरच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत येई. थंडीने प्लास्टिक आकसते, फटी बदलतात, आणि एरवी गप्प बसणारी वस्तू वाजू लागते. जो बिघाड थंडीतच दिसतो तो उबेत शोधला, तर तो सापडणार कसा?

चौथ्या खेपेला मी आदल्या संध्याकाळी गाडी त्यांच्या मोकळ्या आवारात लावली आणि सकाळी सातला तंत्रज्ञ माझ्या शेजारी बसेल, असे लेखी कबूल करून घेतले. पारा उणे ६ अंशांवर होता. पेन ड्राइव्हवर २० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एकच सूर नेला होता. सत्तरच्या आसपास फडफड सुरू झाली. तंत्रज्ञ काही न बोलता मागे गेला, त्याने पॅनेलवर तळहात दाबला आणि आवाज थांबला. हात काढताच पुन्हा सुरू झाला. पॅनेल उतरवल्यावर दिसले, की वायरिंगचा एक कनेक्टर क्लिपमधून सुटून प्लास्टिकला टेकला होता. क्लिप बसवून नमद्याची पट्टी लावायला अर्धा तासही लागला नाही. त्या माणसाचे मी मनापासून आभार मानले.

आधी सांगायला हवे होते ते आता सांगतो. सर्व्हिसला जाताना सराउंड, म्हणजे आवाज चहूबाजूंनी आल्याचा भास देणारी सोय, बंद ठेवावी आणि बास मधोमध आणावा, नाहीतर दोष तुमच्या सेटिंगवर ढकलला जातो. बॅलन्स (डावे-उजवे) आणि फेडर (पुढे-मागे) फिरवून आवाजाचा कोपरा स्वतः आधी शोधावा. न्यू जर्सीत पहिल्या २४ महिन्यांत किंवा २४,००० मैलांत, यांपैकी जे आधी संपेल तोवर, दर तपासणीनंतर निदान, केलेले काम, तारखा आणि मैल नोंदलेला कागद देणे बंधनकारक आहे. तीन प्रयत्न फसले किंवा गाडी एकूण २० दिवस दुरुस्तीत राहिली, तर सदोष गाड्यांच्या कायद्याचा आधार घेता येतो. मात्र बिघाडाने गाडीच्या वापराला, मोलाला किंवा सुरक्षिततेला मोठी बाधा यायला हवी. पॅनेलची फडफड तिथे टिकली असती असे मला वाटत नाही, तरी काउंटरवर बोलताना ते कागद फार उपयोगी पडले.

शेवटच्या कागदावरही त्यांनी नुसते ‘तपासणी केली’ असे छापले होते. मी सही केली नाही. ‘आवाज ऐकू आला, कनेक्टर सुटलेला होता’ हे शब्द आणि आधीच्या तिन्ही भेटींचे क्रमांक घालून तो दुसऱ्यांदा छापून घेतला, आणि मगच किल्ली घेतली.