माझं क्रोशाचं कासव

आज एकदाचं माझं क्रोशाचं कासव पूर्ण झालं!! ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव आहे, म्हणून पाठीला मुद्दाम हिरवट राखाडी सुती दोरा घेतला, ॲक्रिलिक नकोच होतं कारण धुताना त्यातून प्लास्टिकचे बारीक तंतू निघतात आणि शेवटी समुद्रातच जातात ना. पाठ सगळी मुक्या खांबांची (क्रोशाचा आखूड टाका), घट्ट, म्हणजे आतला कापूस दिसत नाही.

दुपारी शेजारची पोरं आली, एकीने विचारलं, मावशी याच्या मानेला जाळं का गुंडाळलंय? मग सांगितलं की कासव समुद्रात राहत असलं तरी श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं, मासेमारीच्या जाळ्यात अडकलं की बिचारं गुदमरून मरतं. आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास या किनाऱ्यावरच्या गावाचंही सांगितलं, तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची घरटी राखली, आधी अंडी चोरीला जायची, आता ती कुंपणात वाळूत पुरून ठेवतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की पाण्याकडे सोडतात. किती मोठं काम आहे हे, खरंच!

पोरांना आता डॉल्फिन पण हवाय. कुणाकडे उरलेला राखाडी सुती दोरा असेल तर इनबॉक्स करा, मी येऊन घेऊन जाईन.