रिमवरची गोदावरी

नाशकात सायकलवाले भेटले की आधी एकमेकांची तोंडं बघत नाहीत, चाकाची रिम बघतात. २०१५ साली आपले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन अमेरिकेतली रॅम, म्हणजे 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही देश आरपार सायकलशर्यत, दोघांच्या टीममध्ये पूर्ण करून आले, त्याच्या आधीही इथे लोक सायकल चालवायचेच म्हणा, पण आता रविवारी सकाळी गंगापूर रोडला बघा, निम्म्या सायकलींवर हातभर अक्षरात कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव गरागरा फिरत असतं. सोमेश्वरला चहाला थांबलं की लोक वाकून ते वाचतात आणि मग हळूच किंमत विचारतात. मला त्याचाच कंटाळा आलेला. त्यात पावसाळ्यात त्र्यंबक रोडचा चिखल बसून प्रत्येक अक्षराला काळी किनार आली होती, कितीही धुवा, जाईना.

तर कार्बन फायबरच्या रिमवरचं नाव काढायचं असेल तर पहिले कडेवरून नख फिरवायचं. नख अडकलं तर स्टिकर वरून लावलाय, निघेल. सगळं गुळगुळीत लागलं तर विषय संपला, ते नाव क्लिअरकोटच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, खाली आहे, आणि मग पॉलिश पेपर घेऊन घासायच्या भानगडीत अजिबात पडू नये, कारण कोट संपला की खाली थेट कार्बनचे धागेच आणि ते कापले गेले की रिम कमजोर.

माझे वरून होते. बायकोचा हेअर ड्रायर घेतला, हीट गन नाही. कार्बन म्हटलं की लोकांना तो लोखंडाचा काका वाटतो पण त्या धाग्यांना धरून ठेवणारं रेझिन शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच, फार तापलं की मऊ पडणार. हाताला सोसेल इतकंच गरम करायचं, कोपरा नखाने उचलायचा आणि वर न खेचता स्टिकर स्वतःवरच उलटा दुमडून सपाट मागे नेत राहायचं, अगदी हळू. जमलं की गोंदाचे बारीक पांढरे धागे ताणत ताणत तो सुटत येतो, चर्र असा आवाज येतो, त्यात एक विचित्र सुख आहे. ताप एवढाच की इंग्रजी नावाचं प्रत्येक अक्षर सुटं, एक निघालं की पुढच्याचा कोपरा परत शोधा, तेही दोन चाकं आणि दोन्ही बाजू. आई मधेच डोकावली, म्हणाली, "चांगली वस्तू अशी सोलत का बसलायस रे?"

उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ फडक्याने गेला. (ज्यांचे ब्रेक रिमलाच घासतात त्यांनी गोंद काढायला तेलबिल वापरून ते ब्रेकच्या पट्ट्याला लावू नये, उतारावर महागात पडेल.) पण गोंद गेला तरी नाव काही गेलं नाही! उन्हाने आजूबाजूचा कोट जरासा उतरलेला आणि अक्षरांखाली मूळचा काळा तसाच, तिरक्या उजेडात धरलं की कंपनी परत हजर. म्हणजे त्यावर काहीतरी लावणं आलंच.

मग गेलो रेडियमवाल्याकडे. रिक्षांवर 'सप्तशृंगी माता प्रसन्न' कापून देणारा माणूस, त्याला कार्बनचं काडीचं कौतुक नाही. "थिनर मारू का भाऊ?" म्हणाला, मी जवळजवळ ओरडलोच, कारण थिनरने कोटच खराब व्हायचा. मग त्याने जुना पेपर रिमवर दाबून बोटाने घासला, टायरची कड आणि आतली कड उमटवून घेतली, कारण रिम नुसती गोल नाही, पोटातही फुगलेली असते, सरळ कापलेली पट्टी तिच्यावर चुण्या पाडतेच. लिहायचं काय, तर मी म्हटलं 'गोदावरी', मराठीत.

आणि इथे खरी मजा. इंग्रजी अक्षरं एकेक करून वळणावर तिरकी बसवली की भागतं, शिरोरेषेला मात्र सलग वाकावं लागतं, टायरच्या कडेला धरून, जरा जरी सरळ राहिली तरी डोळ्याला खुपते. त्याने ती स्क्रीनवर दोनदा-तीनदा ओढून बरोबर कमानीत आणली, मशीनने कापल्यावर 'व'च्या पोटातला इवलासा तुकडा सुईने उचलून टाकला, रिमवर शॅम्पूचं पाणी मारलं, शब्द ठेवला, सरकवून नीट जागेवर आणला आणि कार्डाला फडकं गुंडाळून मधून कडेकडे पाणी काढत गेला. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच तुकडा! सुटी अक्षरं जुळवायची कटकट नाही आणि उद्या काढायचा म्हटला तरी एकाच दमात निघेल. एवढ्या महागड्या रिमांवर हे कुणी का करत नाही मला कळत नाही.

टायरवरचं कंपनीचं नाव मात्र मी ठेवलंय. ते व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी येईल असं टायर बसवायचं, म्हणजे ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती लांब आहे ते मोजलं की टायरमध्ये बाभळीचा काटा कुठे घुसलाय ते लगेच सापडतं, आणि गंगापूर धरणाकडच्या रस्त्याला काटे भरपूर.